बेंतो : जपानी नोकरदाराचा डबा

बेंतो म्हणजे एका माणसाला एका वेळेस पुरेल असे, डब्यात भरलेले जपानी जेवण. बोलताना आदरार्थी ‘ओ’ लावून त्याला ‘ओबेंतो’ म्हणतात. मराठीत ‘डबा’ म्हटले की भांडेही आले आणि आतली पोळीभाजीही. जपानीत मात्र बेंतो म्हणजे जेवण आणि ते ज्यात भरायचे ते ‘बेंतोबाको’. ‘सोयीचे’ अशा अर्थाच्या जुन्या चिनी शब्दापासून हे नाव आले असे मानले जाते. दुकानांत आणि रेल्वे स्थानकांवर विकत मिळते तेही बेंतोच. इथे मुख्यतः घरी भरून कामावर नेण्याच्या बेंतोचा विचार केला आहे.

शिजवून वाळवलेला भात जपानी प्रवासी आणि सैनिक फार पूर्वीपासून जवळ बाळगत. तो तसाच चावून खात, नाहीतर पाण्यात भिजवून. एदो काळात (१६०३–१८६८) वाटसरू भाताचे मुटके, म्हणजे ओनिगिरी, बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळून कमरेला बांधत. नाटकाच्या दोन अंकांमध्ये खायचा तो ‘माकुनोउची’ बेंतो. हे नाव आजही भात आणि अनेक जिन्नसांच्या डब्याला चालते. १८८५ साली उत्सुनोमिया स्थानकावर दोन ओनिगिरी आणि मुळ्याचे लोणचे अशी पुडी विकली गेली, ती स्थानकावरच्या बेंतोची सुरुवात समजली जाते, पण त्याबद्दल मतभेद आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत डबे आले आणि कोणाच्या डब्यात काय आहे यावरून घरची परिस्थिती कळू लागली. गरिबाचा डबा म्हणजे ‘हिनोमारु’: पांढरा भात आणि मधोमध एक लाल उमेबोशी, राष्ट्रध्वजासारखा. उमेबोशी हे उमे नावाच्या, जर्दाळूशी जवळचे नाते असलेल्या फळाचे खारवलेले, झणझणीत आंबट लोणचे. त्याच्या आम्लाने अ‍ॅल्युमिनियमची झाकणे खाल्ली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्राथमिक शाळांत सामूहिक जेवण रूढ झाले आणि रोजचा बेंतो मुख्यतः बालवाडी, वरच्या वर्गांतली मुले आणि नोकरदार यांच्याकडे राहिला.

घरच्या बेंतोचे सगळे तंत्र एका गोष्टीभोवती फिरते: तो थंडच खायचा असतो. मायक्रोवेव्ह आता कचेऱ्यांत दिसतात, गरम राहणारे दुपदरी डबेही मिळतात, पण पदार्थांची निवड अजून त्या जुन्या अटीवरच होते. जपानी तांदळात अमायलोज कमी असते, त्यामुळे त्याचा चिकट भात निवला तरी मऊ राहतो. इंद्रायणीचा गार भात खाल्लेल्याला हे सांगावे लागणार नाही. बासमतीचा भात तेवढ्या वेळात कडक होतो. गार पदार्थाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून सोया सॉस आणि साखर नेहमीपेक्षा जरा चढी असते. गोमांसाची चरबी थिजून पांढरी होते, म्हणून तळलेले कोंबडीचे तुकडे (काराआगे), भाजलेला खारा सामन मासा किंवा गुंडाळ्या करून शिजवलेले गोडसर ऑम्लेट (तामागोयाकी) यांना पसंती असते. रस्सा तर नकोच. पालक उकडून घट्ट पिळतात आणि त्यात कुटलेले तीळ किंवा सुक्या बोनितो माशाचा कीस घालतात. चव येते आणि उरलेले पाणीही शोषले जाते.

भरण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी भात, तोही उतरता दाबून. त्याला टेकवून मोठा पदार्थ, मग कागदी वाट्यांतल्या भाज्या, आणि शेवटी ज्या फटी राहतील त्यांत ब्रोकोलीचे तुरे किंवा छोटे टोमॅटो. हे केवळ शोभेसाठी नाही. गर्दीच्या गाडीत पिशवी आडवी होते तेव्हा सैल भरलेला डबा एका कोपऱ्यात गोळा होतो. भात, मुख्य पदार्थ आणि भाज्या यांचे प्रमाण ३ : १ : २ असावे असे आहाराच्या पुस्तकांत सांगतात. डब्यांवर वजन लिहिलेले नसते, मिलिलिटर असतात, आणि नीट दाबून भरल्यास ६०० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ६०० किलोकॅलरी मावतात असा ठोकताळा आहे.

खरा धोका जूनमधल्या पावसाळी दमटपणात असतो. भाताची वाफ पूर्ण जाण्याआधी झाकण लावले की आतून थेंब ओघळतात आणि जंतूंना आयते रान मिळते. म्हणून डबा उघडाच निववायचा, टोमॅटोचे देठ काढायचे, अंडे पक्के शिजवायचे. भातात रोवलेल्या उमेबोशीने सगळा डबा टिकतो ही समजूत अर्धीच खरी. तिचा परिणाम आसपासच्या घासांपुरता असतो, त्यामुळे जाणकार ती चुरून भातभर मिसळतात. आकिता प्रांतातल्या ओदाते गावचे, सुगी (जपानी सीडर) लाकडाची पातळ फळी वाकवून केलेले ‘मागेवाप्पा’ डबे जादा ओल शोषून घेतात. महाग असूनही ते विकले जातात यामागे हे कारण आहे, हौस नंतर.

इतका खटाटोप सकाळी कोण करते, हा प्रश्न उरतोच. बायकोने नवऱ्यासाठी भरलेल्या डब्याला ‘आइसाइ बेंतो’ असे कौतुकाचे नाव आहे. त्या कौतुकामागचे पहाटेचे काम बहुतेकदा तिचे असते. बालवाडीच्या डब्यातून आईवर केवढी सामाजिक सक्ती येते यावर अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन अ‍ॅलिसन यांनी १९९१ मध्ये निबंध लिहिला. २००८ च्या मंदीनंतर स्वतःचा डबा स्वतः भरणाऱ्या पुरुषांना ‘बेंतो दान्शी’ म्हणू लागले. रविवारी दोनतीन भाज्या करून ठेवणे, रात्रीच्या जेवणातले थोडे बाजूला काढणे आणि गोठवलेले तयार पदार्थ यांमुळे आज सकाळचे काम पुष्कळ कमी झाले आहे.

मुंबईच्या डब्याची घडण याच्या उलट आहे. नोकरदार लोकलने आधी निघतो, स्वयंपाक मागाहून होतो आणि डबेवाला जेवण दुपारपर्यंत पोचवतो. त्यामुळे त्यात आमटी चालते, रस्साभाजी चालते. बेंतो मात्र मालकाबरोबरच सकाळी घर सोडतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मुंबईच्या डब्याची गोष्ट सांगणारा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) जपानमध्ये ‘मेगुरिआवासे नो ओबेंतो’, म्हणजे योगायोगाने गाठ घालून देणारा बेंतो, या नावाने प्रदर्शित झाला.