फुटबॉलचें मैदान आणि वर्णद्वेषाचा दंड

मैदानावर सर्व समान, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु इंग्लंडांतील फुटबॉलचा इतिहास पाहतां या वचनावर भरंवसा ठेवणें कठीण जातें. १९०९ सालीं टॉटनहॅम संघाचा कृष्णवर्णी खेळाडू वॉल्टर टल ब्रिस्टल येथें खेळत असतां कांहीं प्रेक्षकांनीं वर्णावरून त्याची घोर विटंबना केली. हाच टल पुढें सैन्यांत अधिकारी झाला व १९१८ च्या मार्च महिन्यांत फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. सामन्यांत समुदायानें अशा वर्णद्वेषी आरोळ्या देणें हा तेथील कायद्यानें स्वतंत्र गुन्हा ठरण्यास १९९१ साल उजाडावें लागलें.

प्रेक्षक गर्दींत लपतो. खेळाडूस लपतां येत नाहीं. तरीहि खेळाडूनें खेळाडूस हिणविल्यास दंड काय करावा, हा प्रश्न सोपा नाहीं, हें २०११ च्या ऑक्टोबरांत दिसून आलें. १५ तारखेस लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझनें मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हरास वर्णवाचक शब्दानें संबोधिलें. आपल्या उरुग्वे देशांत हा शब्द सलगीचा आहे, हा त्याचा बचाव चौकशी समितीनें अमान्य केला व त्यास ८ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड झाला. त्याच्या सहकाऱ्यांनीं मात्र त्याचें चित्र असलेले सदरे घालून त्याची पाठराखण केली!

पुढें आठच दिवसांनीं चेल्सीच्या जॉन टेरीनें अँटन फर्डिनंडविषयीं काढलेले उद्गार गाजले. २०१२ च्या जुलैंत न्यायालयानें टेरीस निर्दोष सोडलें. सप्टेंबरांत फुटबॉल असोसिएशननें त्यास दोषी ठरवून ४ सामन्यांची बंदी व २,२०,००० पौंड दंड केला. हा विरोध वरवरचा आहे. फौजदारी न्यायालयास निःसंशय पुरावा लागतो, तर क्रीडासंस्थेस कोणती गोष्ट अधिक संभवनीय एवढेंच पाहावयाचें असतें. एकाचा कारावास व दुसऱ्याची खेळबंदी यांस एकच माप लावणें योग्य होणार नाहीं.

एकास आठ, दुसऱ्यास चार. अशा तफावतीनें लोकांचा विश्वास डळमळतो. म्हणून २०१३ सालीं युरोपीय संघटनेनें किमान १० सामन्यांची बंदी ठरविली. इंग्लंडनें त्याच वर्षीं किमान ५ व २०१९ सालीं ६ ही मर्यादा घातली. २०२१ सालीं स्लाव्हिया प्रागच्या ओंद्रेय कुदेलानें तोंडावर हात धरून रेंजर्सच्या ग्लेन कामाराच्या कानांत कांहीं पुटपुटलें. त्यानें आरोप नाकारला, तरी १० सामने त्यास मुकावे लागले. मागाहून त्याच्यावर हात टाकणाऱ्या कामारासहि ३ सामन्यांची शिक्षा झाली.

याउलट २०२० सालीं एडिन्सन काव्हानीनें मित्राचे आभार मानतांना समाजमाध्यमावर एक वर्णवाचक लाडिक शब्द लिहिला. त्याचा हेतु दुष्ट नव्हता हें मान्य होऊनहि त्यास ३ सामन्यांची बंदी व १,००,००० पौंड दंड झाला. येथें आम्हांस दंड जड वाटतो. समोरच्यास दुखविण्यासाठीं उच्चारलेला शब्द आणि मित्रास प्रेमानें लिहिलेला शब्द यांतील अंतर न्यायाधीशानें ओळखलेंच पाहिजे.

आमच्या मतें द्रव्यदंडावर भिस्त ठेवूं नये; लक्षाधीश खेळाडूस तो फारसा जाणवत नाहीं. बंदीची झळ त्याच्या संघासहि लागते, आणि तेंच इष्ट आहे. सदरे घालून पाठराखण करणाऱ्या मंडळीस मग आपल्या गड्याची जीभ आवरण्याची निकड भासेल. बंदी संपल्यावर मात्र त्या खेळाडूस पुन्हा मैदान मोकळें असावें. कारण शिक्षेस शेवट नसेल, तर सुधारण्यास कारणहि उरणार नाहीं.