पाच वावांची रेघ : मासेमारीच्या परवान्यांची गोष्ट

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे, तेव्हा आज मासळीविषयी बोलू या. पाककृती मात्र नाही. आज सांगायची आहे ती मासेमारीच्या कायद्यांची गोष्ट.

आपल्या मुलांच्या शाळांना सिंगापुरात जूनमध्ये मोठी सुट्टी असते. आपण तिकिटं काढतो आणि गावी जातो. मालवण असो, श्रीवर्धन असो की वसई, मुलांनी ताज्या पापलेटाचं स्वप्न पाहिलेलं असतं. आणि घरी पोचल्यावर आजी सांगते, "अगं, बंदी लागली. आता सुकट नि सुके बोंबील." मुलं आपल्या तोंडाकडे बघतात. इथे टेक्का मार्केटात बारा महिने मासे मिळतात. पापलेटाला तिथे मलायमध्ये 'बावल पुतेह' म्हणतात, सुरमईला 'तेंगिरी', बांगड्याला 'केंबोंग', पण मिळतात रोज. मग समुद्रकाठच्या गावात मासा नाही, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

कागद नव्हता तेव्हाही नियम होते. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, त्यांची डागडुजी करायची, जाळी विणायची. श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची. याच काळात बरेच मासे अंडी घालतात, म्हणजे दर्याला विश्रांती मिळायची आणि माणसालाही. मुंबई-पालघरकडच्या कोळीवाड्यांत डोल जाळी लावतात. समुद्राच्या तळात खुंटे रोवून त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आपसूक आत येतो. कुणाचा खुंटा कुठे, हे गावात सगळ्यांना माहीत. सिंधुदुर्गात रापण. अख्खी वाडी दोर ओढायला येते आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. कुणाला किती वाटा, हेही रूढीनेच ठरलेलं.

इंग्रजी अमलात पहिला देशव्यापी कायदा आला तो 1897 चा, भारतीय मत्स्यपालन अधिनियम. त्याचा मुख्य रोख पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारण्यावर होता. कोणत्या होडीने कुठवर जायचं, याची तेव्हा कुणाला चिंता नव्हती, कारण शिडाची होडी फार लांब जातच नव्हती.

चित्र बदललं ते इंजिनामुळे. 1950 च्या दशकात केरळात नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक होड्यांचं युग आलं. पुढे परदेशी बाजारात कोळंबीला सोन्याचा भाव आला. कोळंबी तळाशी असते, म्हणून तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी आली. कोळंबी जास्त कुठे? किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात. आणि लहान होडीवाला मासेमारी करतो तीही तिथेच. ट्रॉलर रात्री आले की डोल फाटायची, रापणीच्या वाट्याचा मासा आधीच उचलला जायचा.

भांडण पेटलं ते गोव्यात. 1970 च्या दशकात तिथले रापणकार रस्त्यावर उतरले. मतानी साल्ढाणा हे त्या लढ्यातलं मोठं नाव. 1978 मध्ये देशभरातल्या छोट्या मच्छिमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीतही ते होते. दरम्यान 1976 मध्ये भारताने आपल्या सागरी हद्दी कायद्याने ठरवल्या. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, ही प्रादेशिक हद्द. 200 सागरी मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र. राज्यघटनेप्रमाणे 12 मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याचा विषय आहे आणि त्याबाहेरची केंद्राचा. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

केंद्राने कायद्याचा नमुना तयार करून राज्यांकडे पाठवला. गोवा आणि केरळने 1980 मध्ये कायदा केला, आणि पाठोपाठ आला 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981'. नियमन करताना सरकारने काय पाहावं, हे त्यात लिहिलं आहे: पारंपरिक होड्यांवर जगणाऱ्यांचं हित, माशांचं जतन, आणि समुद्रावरची शांतता व सुव्यवस्था. तो शेवटचा मुद्दा वाचून कळतं की हा कायदा कचेरीत सुचलेला नाही, किनाऱ्यावरच्या मारामाऱ्यांतून जन्मलेला आहे.

या कायद्याने पाण्यावर एक रेघ ओढली. ती मैलांत नव्हती, खोलीत होती. आपले मच्छिमार खोली वावांत मोजतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, सुमारे सहा फूट. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर 5 वाव खोलीच्या आत आणि दक्षिणेकडे 10 वावांच्या आत ट्रॉलरला मज्जाव झाला. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा ट्रॉलिंग बंद. आतलं पाणी लहान होडीचं.

आणि इथेच परवाना आला. बऱ्याच जणांचा नोंदणी आणि परवाना यांत घोटाळा होतो. नोंदणी म्हणजे होडीची ओळख: ती कुणाची, केवढी, इंजिन कोणतं. परवाना म्हणजे त्या होडीने कोणत्या जाळ्याने मासेमारी करायची याची मुभा. नोंदणी आहे पण परवाना नाही, तर होडी पाण्यात तरंगेल, पण जाळं टाकता येणार नाही. 2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवून वापरली होती. त्यानंतर खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, होड्यांना ठरावीक रंग आले. तांडेलाच्या डब्यात कागदांची संख्या वाढत गेली.

आता जरा इथलं पाहू. सिंगापूरचा मत्स्य कायदा 1966 चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतर लगेचचा. 1969 मध्ये जुरोंग मासळी बंदर सुरू झालं. आपल्या डोलीची एक लांबची बहीण इथे आहे, ती म्हणजे केलाँग. निबोंग ताडाचे सोट समुद्रात रोवून बांधलेला सापळा, वर माणसांना राहायला खोपटं. रात्री पाण्यावर दिवा टांगायचा, उजेडाला मासा आला की जाळं वर ओढायचं. एके काळी सिंगापूरभोवती असे पुष्कळ केलाँग होते. पण समुद्रात भर पडली, जहाजांचे मार्ग आले, नवे परवाने थांबले, आणि आज ते बोटांवर मोजण्याइतके उरले. 1980 च्या दशकापासून सरकारने तरंगत्या मत्स्यशेतीला परवाने द्यायला सुरुवात केली. आज या शेतांचं नियमन 2019 मध्ये स्थापन झालेली सिंगापूर फूड एजन्सी करते. हौशी माणसाने गळ टाकायचा तरी जलाशयावर ठरवून दिलेल्या जागीच, नाहीतर दंड. सिंगापूरने बहुतेक मासा आयात करायचं ठरवलं आणि किनारा बंदराला दिला. त्याला तो मार्ग परवडला. 720 किलोमीटर किनारा आणि त्यावर वसलेले कोळीवाडे असलेल्या महाराष्ट्राला तो परवडणारा नाही. म्हणून तिथे परवान्याचा प्रश्न पोटाचा प्रश्न आहे.

1981 ची रेघ ट्रॉलरसाठी होती. पुढे पर्ससीन आलं. हे प्रचंड जाळं माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरवतात आणि बटव्याची दोरी ओढावी तसं खालून आवळतात. बांगडा, तारली यांचा थवाच्या थवा एका फेरीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुन्हा वाद पेटला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचे आणि हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या बुल ट्रॉलिंगवर बंदी घातली.

इथे कुणी विचारेल, केलाँगवरही दिवाच होता ना? होता. पण तो एका जागी रोवलेल्या खोपटावरचा दिवा. त्याच्या उजेडात येईल तेवढाच मासा. जनरेटरवर चालणारे झगझगीत दिवे घेऊन बोट थव्याच्या मागे फिरते तेव्हा मासळीला लपायला जागा उरत नाही. दोष दिव्यात नाही, प्रमाणात आहे. चांगला नियम हत्याराचं नाव बघून थांबत नाही, ते किती ओढून नेतं हे बघतो.

नियम होते, पण धाक नव्हता. जुन्या कायद्यातला दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता. खटला तहसीलदारापुढे चालायचा, आणि त्या बिचाऱ्याकडे जमिनीपासून निवडणुकीपर्यंत शंभर कामं. चाळीस वर्षांनी, 2021 मध्ये, कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सुनावणीचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. पर्ससीनच्या नियमभंगाला 1 लाखापासून 6 लाखांपर्यंत दंड, एलईडी मासेमारीला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजरही सुरू झाली.

2023 मध्ये दोन गोष्टी घडल्या, त्या थेट आपल्या ताटाशी निगडित आहेत. पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. आणि 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवण्यात आला. पापलेटाचा आकडा आहे 135 मिलिमीटर. आपलं जुनं पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब असतं. म्हणजे पोस्टकार्डाहून जेमतेम आखूड. त्याहून लहान पापलेट पकडायचा नाही, कारण त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 12 मैलांपलीकडच्या पाण्यासाठी नवे नियम आणले. मोठ्या यांत्रिक बोटींना तिथे जाण्यासाठी ऑनलाइन प्रवेशपास लागतो. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला तो लागत नाही, आणि खोल समुद्रात उतरण्यासाठी मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. आठवतंय ना, 12 मैलांच्या आत राज्य, बाहेर केंद्र? मासा ती हद्द मानत नाही, आणि बोटवालाही पुष्कळदा मानत नाही. आजवरची बरीच पळवाट याच वाटणीतून निघाली. बोट आत पकडली तर सांगायचं, मासा बाहेर धरला. दोन्ही सरकारांचे नियम एकमेकांना जुळले तरच ती वाट बुजेल.

आता मुलांच्या जूनच्या प्रश्नाकडे. पूर्वी महाराष्ट्राची पावसाळी बंदी 10 जूनला सुरू व्हायची आणि 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपायची. सरकारी आदेशात सणाची तिथी! आता 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस. तिथीची जागा तारखेने घेतली. सोय झाली, पण कित्येक कोळी बांधव आजही म्हणतात की 1 ऑगस्टला समुद्र शांत झालेला नसतो, आणि नारळ वाहिल्याशिवाय होडी काढायला मन धजत नाही. कायदा मोकळीक देतो, रूढी थांबवते. या एका गोष्टीत जुना नियम नव्याहून कडक आहे.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये आजीने ताटात सुका बोंबील वाढला, तर मुलांना सांगा की ही उणीव नाही, ही दर्याची सुट्टी आहे, अगदी तुमच्या सुट्टीसारखी. आणि टेक्का मार्केटात तळहाताएवढाही नसलेला पापलेट स्वस्त मिळाला, तर तो घेऊ नका. इथे महाराष्ट्राचा कायदा लागू नाही, हे खरं. पण पाच वावांच्या त्या रेघेमागचं शहाणपण कुठल्याही बाजारात पाळता येतं.