वेड, अपराध आणि ‘कानून’

तारापूरच्या कारखान्यांची पाळी सुटते, कुंभवली नाक्यावर माणसे चहाला थांबतात आणि गोष्ट एखाद्या खुनाच्या बातमीवर येते. मग कोणीतरी हमखास म्हणतो, “वेडाचे सोंग घेतले की झाले, सुटेल तो.” हा समज केवळ बोईसर-पालघरचा नव्हे; तो घरोघरी आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. मुंबईतील रामन राघव खटला हा त्याचा ठळक दाखला होय.

या कायद्याचे मूळ लंडनमध्ये आहे. १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांना गोळी घातली. सरकारपक्ष आपला छळ करीत आहे, या भ्रमाने त्याला पछाडले होते. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविताच गदारोळ उठला. तेव्हा उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे हाच पुढे नियम झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ त्याच वळणाचे आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, समजण्याची शक्ती नसते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून हेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये नांदत आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही, ज्यांना कायमच विवेकशक्ती नसते ते अपराध करण्यास असमर्थ मानले जातात (कलम १३२२).

तथापि न्यायालयाचा प्रश्न ‘हा वेडा आहे काय?’ असा नसतो. ‘त्या क्षणी त्याला कळत होते काय?’ असा असतो. आणि कळत नव्हते, हे दाखविण्याचा भार आरोपीवरच असतो.

१९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांचे रात्री डोके ठेचून खून होऊ लागले. लोक काठ्या घेऊन रात्र जागवू लागले. रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास चालला आणि २७ ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी राघवला ओळखून पकडले. त्याने चाळीसहून अधिक खुनांची कबुली दिली.

खटल्यात वैद्यांचेच दोन तट पडले. पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून तो वेडा नाही, असे मत दिले. नायर रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला जुना स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. सत्र न्यायालयाने १९६९ साली फाशी सुनावली. राघवने अपील करण्याचे नाकारले. तरीही फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. मंडळाने त्याची पाच वेळा, प्रत्येकी सुमारे दोन तास भेट घेतली. अखेरच्या भेटीत त्यांनी निरोपासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातील माणसांना आपण शिवत नाही, असे तो म्हणाला! ज्या कायद्यापुढे तो उभा होता, त्याचेच नाव त्याने आपल्या भ्रमाला दिले होते.

१९८७ साली त्याची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण त्याचा आजार असाध्य ठरला. अपराधाचा ठपका मात्र पुसला गेला नाही. राघव १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला, तो बंदी म्हणूनच.

कलम ८४ चे दार क्वचित उघडतेही. १९९४ साली महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने दिवसाढवळ्या पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला. तो लपला नाही, पळालाही नाही. १९९२ पासून त्याच्यावर मानसिक उपचार चालू होते आणि वडिलांनाही मनोविकार होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष मानले. येथे सोंगाला जागा नव्हती. उपचारांची नोंद बोलत होती. शिवाय अशी निर्दोष सुटका म्हणजे सरळ घरची वाट नव्हे. न्यायालय अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देते, अथवा हमी घेऊन नातलगांच्या स्वाधीन करते.

वाचकहो, कायदा येतो तो मरण घडून गेल्यावर. राघवने मारलेल्यांना दार लावून झोपण्यापुरतेही घर नव्हते. त्या शिपायाच्या पत्नीला घर होते, पण आजार त्याच घरात होता. १९०१ पासून ठाण्याचे मनोरुग्णालय उभे आहे. तरी घरातल्या माणसाला तेथे नेण्याची लाज आपल्याला आजही वाटते. नाक्यावर सोंगाची चर्चा करण्याआधी ती लाज सोडली, तर एखादा खटला उभाच राहणार नाही.