अर्ध्या तासाचे वचन

एखादा परका पदार्थ आपल्या ताटात कसा आला हे सांगताना आपण बहुधा त्याच्या कृतीचा इतिहास सांगतो. तो कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हातून आला, हा प्रश्न मागे राहतो. पिझ्झ्याच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते. साखळी दुकानांचा पिझ्झा प्रथम दारात आला तेव्हा शहरी मराठी माणसाला तो पदार्थ अगदीच अनोळखी नव्हता. बेकरीतून आणलेल्या तयार 'बेस'वर टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची आणि किसलेले अमूल चीज घालून तो तव्यावर भाजला जात असे. उडुपी हॉटेलांच्या फलकावर उत्तप्प्याच्या शेजारी त्याचे नाव दिसे. भाषेनेही त्याला विनातक्रार सामावून घेतले होते. आकारान्त म्हणून तो पुल्लिंगी झाला, 'दोन पिझ्झे' आणि 'पिझ्झ्याचा तुकडा' अशी रूपे चालू लागली, त्यासाठी कोणत्याही व्याकरणकाराची संमती लागली नाही. तेव्हा १९९६ नंतर जे नवे आले, ते म्हणजे एक वचन: अर्ध्या तासात दारात, नाहीतर फुकट.

या वचनाचे मूळ इटलीत नाही. एकोणिसाव्या शतकातील नेपल्समध्ये पिझ्झा विकणारे पोरगे धातूच्या डब्यात तो ऊन ठेवून, डबा डोक्यावर घेऊन गल्ल्यांतून हिंडत. पिझ्झा तेव्हाही चालतच गिऱ्हाइकापर्यंत येई, पण घड्याळ लावून येत नसे. घड्याळ आले ते अमेरिकेत. १९६० साली मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या विद्यापीठाच्या गावी टॉम मोनहन आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी एक लहानसे दुकान घेतले. पुढच्याच वर्षी जेम्सने आपला वाटा एका जुन्या फोक्सवॅगन मोटारीच्या बदल्यात सोडून दिला. १९६५ मध्ये दुकानाचे नाव 'डॉमिनोज' झाले. वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत जागणारे, भूक लागलेले आणि स्वयंपाकघर नसलेले विद्यार्थी हे त्याचे गिऱ्हाईक. बसून खाण्याची सोय जवळजवळ काढून टाकायची, पदार्थ मोजकेच ठेवायचे आणि सारी शक्ती पोहोचवण्यावर लावायची, हा त्या धंद्याचा विचार. १९७० च्या दशकात त्यातूनच तीस मिनिटांची हमी निघाली.

हमी पाळायची तर पदार्थालाही शिस्त लागते. कणकेचे गोळे मध्यवर्ती ठिकाणी तयार होऊन शाखांत येतात. भट्टीतील सरकता पट्टा प्रत्येक पिझ्झ्याला सारखीच आंच देतो. दुकानाभोवती तेवढ्या वेळात गाठता येईल एवढाच टापू आखला जातो. खोक्याचे झाकण खचून चीजला चिकटू नये म्हणून मध्ये ठेवायच्या इवल्या प्लॅस्टिकच्या तिपाईचे पेटंटही १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातील कार्मेला व्हिटाली यांना मिळाले. पदार्थाची चव सोडून त्याच्या प्रवासासाठी काढलेला हा शोध त्या साऱ्या व्यवहाराचा स्वभाव सांगतो.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी साखळ्यांना भारताची दारे उघडली. जानेवारी १९९६ मध्ये डॉमिनोजचे पहिले दुकान दिल्लीत आणि त्याच वर्षी पिझ्झा हटचे पहिले दुकान बंगळुरात सुरू झाले. पण घरपोच पिझ्झ्याला दुकानाइतकीच दूरध्वनीची गरज होती. ज्या देशात फोनसाठी वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवावे लागे, तिथे तो नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गाच्या घरी सुलभतेने येऊ लागला, म्हणूनच हा व्यवहार शक्य झाला. आमच्या पिढीला आठवेल: आधी दारात पडलेले गुळगुळीत कागदाचे पत्रक, मग कोणी फोन करायचा यावरची चर्चा, 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे' असा पत्ता सांगताना उडालेली तारांबळ आणि मग सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या घड्याळाकडे. अन्नाची वाट आपण पूर्वीही पाहत होतो. पण ते आणणाऱ्याला उशीर व्हावा अशी इच्छा धरून वाट पाहणे हा अनुभव नवा होता. पाहुण्याची वाट पाहणारे घर क्षणात पैज लावणारे झाले होते.

याच्या शेजारी मुंबईचा डबेवाला ठेवून पाहावा. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मावळ, आंबेगाव, जुन्नर भागांतील माणसांनी उभी केली. तीही वेळेवरच चालते, पण तिची दिशा उलटी आहे. डबा घरचे अन्न बाहेर नेतो. त्यामागे बाहेरच्या अन्नाविषयीचा, कोणी रांधले आणि कोणाचा हात लागला याविषयीचा जातिबद्ध संशयही होता. पिझ्झ्याचे खोके बाहेरचे अन्न उंबऱ्याच्या आत आणते. ते कोणी रांधले हे कोणी विचारत नाही, विचारले तरी कळत नाही. सोवळ्याचा हा पराभव भाषणांनी झाला नाही, भुकेने आणि हौसेने झाला. मात्र तो पुरताही झाला नाही. 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' यांचे वेगळे ओटे या साखळ्यांनी लगोलग मांडले आणि जुना प्रश्न नव्या शब्दांत तसाच उभा राहिला.

अर्ध्या तासाची किंमत कोणी मोजली, हा यातला कळीचा मुद्दा. अमेरिकेत घाईने गाडी हाकणाऱ्या पोऱ्यांच्या अपघातांवरून खटले झाले. १९९३ मध्ये सेंट लुइसच्या ज्यूरीने एका जखमी स्त्रीला कोट्यवधी डॉलरांची भरपाई ठरवली आणि त्याच वर्षी कंपनीने तिथली हमी मागे घेतली. तीन वर्षांनी भारतात आलेल्या साखळीने तीच हमी इथल्या रस्त्यांवर वापरली, आणि ती आम्हांला आधुनिकतेची खूण वाटली. पुढे २००८ मध्ये झोमॅटो आणि २०१४ मध्ये स्विगी आली. एका दुकानाचे वचन साऱ्या शहराची सवय बनले. हे काम करणाऱ्यांची व्याख्या केंद्रीय कायद्यात प्रथम आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे दिल्लीतल्या त्या पहिल्या दुकानानंतर चोवीस वर्षांनी.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे का पाहावे? कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'सारख्या (१९७०) पुस्तकांत घरच्या स्वयंपाकाचा दस्तऐवज सापडतो. घरी मागवलेल्या जेवणाचा दस्तऐवज मात्र ते गुळगुळीत पत्रक होते आणि ते रद्दीत गेले. पदार्थाची किंमत, आकार, मिनिटे हे त्यावर छापलेले होते. आणणाऱ्याचे नाव नव्हते. मराठी कथेने गिरणीतला कामगार आणि खानावळीतला पोऱ्या ओळखला, त्यांना बोली दिली. जिन्यात हेल्मेट काढून धापा टाकत घड्याळ पाहणाऱ्या माणसाला ती अजून मिळायची आहे. त्याच्याकडून खोके घेताना आपण 'किती झाले?' असे विचारले, ते मिनिटांविषयी होते की पैशांविषयी, हे त्याला नेमके कळत असे.