रोगाचे कारण : जंतू की देहस्थिती?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. त्याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झाला. तेथे प्रथम पेनिसिलिन व पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. जंतूंचा नाश करणारे औषध एकीकडे आणि आजारी देहाची शुश्रूषा दुसरीकडे, असे हे शेजार आहे. माणूस जंतूंमुळे आजारी पडतो की देह दुबळा झाल्यामुळे, या जुन्या वादाचा विचार करण्यास ते योग्य स्थळ होय. या वादाच्या ओघात रोग्यालाच दोषी धरण्याची चूक वारंवार घडली आहे. म्हणून त्याचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे.

रोगाच्या कारणांची चर्चा पाली वाङ्मयातही आढळते. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो, माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, त्याबद्दल आपले मत काय? तथागत हे मत स्वीकारीत नाहीत. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुपालट, विषम आहारविहार, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात. सर्वच दुःख पूर्वकर्माचे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या व लोकांच्या जाणिवेच्या पलीकडे जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्या काळी जंतू ज्ञात नव्हते आणि ते सुत्तात शोधणे हा शास्त्राचाही व धम्माचाही अपमान होईल. महत्त्व आहे ते विचारपद्धतीला. एका कारणावर सारा भार टाकू नये आणि अनुभवाची कसोटी सोडू नये, हा तो बोध आहे.

युरोपात हा वाद एकोणिसाव्या शतकात पेटला. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेतला. म्युनिकचे पेटेनकोफर यांना हे मान्य नव्हते. जमीन व परिस्थिती अनुकूल असल्याखेरीज केवळ जंतूने रोग होत नाही, असे ते म्हणत. हे सिद्ध करण्यासाठी १८९२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी कॉलऱ्याचे जंतू प्राशन केले आणि थोड्याशा अतिसारावर ते बचावले. त्याच वर्षी हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने हाहाकार उडाला. तेथे एल्बे नदीचे पाणी न गाळता पुरवले जात होते. शेजारच्या आल्टोना गावात पाणी गाळले जात होते व ते गाव बहुतांशी वाचले. पेटेनकोफर जगले म्हणून जंतू निरुपद्रवी ठरले नाहीत. तथापि एकाच जंतूने एक मरतो व दुसरा वाचतो, हा प्रश्न शिल्लक राहिला.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत व पुढे पुण्यात प्लेग आला. त्याचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला ओळखला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु उंदरावरील पिसू हा जंतू पसरवते, हे सीमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले. तोपर्यंत सरकारचा रोख घरांवर व माणसांवर राहिला. झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, संशयितांना छावण्यांत नेले गेले. अर्धवट ज्ञानाच्या जोडीला सत्ता आली की माणूसच रोग ठरतो, हे पुण्याने अनुभवले. याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. मूल वाचले. स्वतः सावित्रीबाईंना प्लेगने ग्रासले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसाला दूषित ठरविणारा सर्वांत जुना सिद्धान्त मात्र आपल्याच समाजात होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. मानवाच्या स्पर्शाने न बिघडलेले पाणी शेणाने बिघडते, हे जंतुशास्त्र सांगते. विटाळाला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही; तो केवळ सामाजिक वर्चस्वाचा आविष्कार आहे.

जंतू आणि देह यांच्या वादात अलीकडील दोन प्रयोग आपणास मार्ग दाखवितात. मद्रासमध्ये १९५६ पासून क्षयाच्या १९३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. काहींना आरोग्यधामात पौष्टिक आहार व विश्रांती देण्यात आली, काही गरीब घरांतच राहिले. औषधे सर्वांना सारखीच होती. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. याचा अर्थ, झालेला रोग औषधाने हटतो. झारखंडमधील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अधिक पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. याचा अर्थ, रोग होण्याआधीच अन्न त्याला रोखते. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. जंतू हे कारण आहे आणि उपासमार हेही कारण आहे. पहिल्यासाठी औषध हवे, दुसऱ्यासाठी न्याय हवा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल तयार झाला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराला उपचाराबरोबर रोख भत्ताही मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. कारखान्यांच्या या पट्ट्यात राहणाऱ्या आपणास तिचे मोल सांगावयास नको. घरात कोणी खोकू लागला तर त्याच्या नशिबाचा वा पूर्वजन्माचा हिशेब मांडू नये. त्याची थुंकी तपासून घ्यावी, औषधाचा क्रम पुरा करावा आणि त्याच्या ताटात पुरेसे अन्न आहे की नाही तेही पाहावे.