नेमणूक आणि पोटगी

भगिनींनो, आपले कोपरगाव म्हटले की गोदामाई आणि राघोबादादा पेशवे आठवतात. १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबादादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते येथे येऊन राहिले व १७८३ च्या डिसेंबरात येथेच वारले. पेशव्याच्या पोटापाण्याची तजवीज तहाच्या कागदात झाली. साध्या माणसाचे म्हातारपण मात्र घरच्यांच्या भरवशावर होते.

इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी कायद्यात बायकोला व मुलांना पोटगी होती, आईबापांना नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांचा भार मुलगा व मुलगी दोघांवर टाकला. १९७३ च्या फौजदारी संहितेतही आईबाप आले, पण तेथे ‘त्याचे’ आईबाप असा शब्द पडला. त्यावर बोट ठेवून आपल्याच राज्यातील एका विवाहित लेकीने वडिलांना पोटगी द्यायचे नाकारले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, लग्न झालेल्या लेकीचीही स्वतःची मिळकत असेल तर तिने आईबापांना पोसले पाहिजे.

पुढे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा कायदा झाला व आपल्या राज्यात तो २००९ पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य सांगा, की अंगठा उठविण्यापूर्वी ती अट कागदात लिहून घ्यावी. तोंडचा शब्द पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

आता एक गंमत पाहा. या कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात अशी नावे आहेत. सुनेचे नाव नाही. आणि घरोघर पथ्यपाणी, औषध, अंथरूण कोण बघते? सूनच! माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणावर होत्या. तेव्हा नणंदबाई दिवाळीला येऊन जात, त्याचा मला राग येई. हा निकाल कळला आणि मनात आले, माहेरी माझी वहिनी आईचे सारे करते. मी तरी काय करते? दिवाळीला एक लुगडे नेते! मला मिळकत नाही, कायदा मला धरणार नाही. पण हात तर आहेत. त्या वर्षापासून उन्हाळ्याचे तीन महिने आई माझ्याकडे असते. पहिल्या खेपेला वहिनी माझ्याजवळ रडली. म्हणाली, “ताई, सात वर्षांनी माहेरी राहायला चालले.”

भगिनींनो, आपण प्रत्येकजण कोणाची तरी सून आहोत, तशी कोणाची तरी लेकही आहोत. लेकीने आपला वाटा उचलला, तर सुनेच्या पाठीवरचे ओझे उतरेल आणि म्हाताऱ्या जिवालाही दोन घरे होतील.