गोळीतलं गाजर

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला एक बाटली दाखवली. ‘अँटिऑक्सिडंट’च्या गोळ्या. साखरेवर आणि आतल्या सुजेवर रामबाण, म्हणे. दोन्ही औषधं खर्चात बसेनात, म्हणून काकूंनी डॉक्टरांनी दिलेली साखरेची गोळी एक दिवसाआड केली होती! तेव्हाच ठरवलं, या बाटलीचा इतिहास आज सांगायचा.

१९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, की शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा ‘फ्री रॅडिकल’ नावाचे उनाड कण तयार होतात, त्यांनी पेशींची नासधूस होते आणि म्हातारपण येतं. विळ्याला गंज चढतो ना, तसंच काहीसं. मग गंज रोखणारं काही पोटात घेतलं तर? पुढे दोन नोबेल मिळवलेले लिनस पॉलिंग ‘क’ जीवनसत्त्वाचा हिरिरीने प्रचार करू लागले. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी ऐकलं.

फिनलंडमध्ये मात्र हे तपासून पाहिलं. विडी-सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष घेतले. काहींना गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं, काहींना दिलं नाही. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली.

आता साखरेकडे येऊ. वाढलेली साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी एकाच माणसात एकत्र नांदतात, हे १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी ठळकपणे मांडलं. पोटाचा घेर त्यात नंतर आला. त्यालाच आज ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीतच सूज वाढवणारं रसायन सापडलं. ही सूज पाय सुजल्यासारखी दिसत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी आत धुमसत राहते. झालं, गोळीला नवं गिऱ्हाईक मिळालं.

आपल्या कामाची चाचणी पुढची आहे, कारण ती बायकांवरच झाली. अमेरिकेतल्या चाळिशी उलटलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या ८,१७१ जणी. ‘क’, ‘ई’ आणि बीटा-कॅरोटीन, नऊ वर्षांहून जास्त काळ. २००७ साली कळलं, की हृदयाला एकूण फायदा नाही. ज्यांना आधी मधुमेह नव्हता त्यांचा हिशोब २००९ साली आला. गोळीने मधुमेहही टळला नाही.

त्याच वर्षी जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकू लागलं. सोबत ‘क’ आणि ‘ई’च्या गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही. म्हणजे ते उनाड कण व्यायामाचा निरोप स्नायूंपर्यंत पोचवत असावेत, आणि गोळी निरोप्यालाच दारात अडवत होती!

डॉक्टरांनी एखादं जीवनसत्त्व कमी आहे म्हणून लिहून दिलं असेल, तर ते बंद करू नका. ती गोष्ट वेगळी.

काकूंनी विचारलं, “मग गाजर खाऊ की नको?” म्हटलं, खा की, कोशिंबीर करून खा. बाटली दुकानदाराने परत घेतली नाही, सील फुटलं होतं. पण साखरेची गोळी पुन्हा रोज सुरू झाली. येत्या शुक्रवारी त्यांची उपाशीपोटी तपासणी आहे, मी सोबत जाणार आहे.